फिर्याद तुम्ही दिलीत, पण हात त्यांचा मोडलाय

पत्र: वकीलबाई, नमस्कार. आमचं गाव सांगली जिल्ह्यात. मागच्या पावसाळ्यात बांधावरून भांडण झालं आणि माझ्या धाकट्या दिरांनी यांच्या हातावर खोऱ्याचा दांडा घातला. हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. हे दवाखान्यात होते म्हणून फिर्याद मीच दिली. त्यात पुतण्याचंही नाव घातलं. खरं तर तो नुसता उभा होता, त्यानं हात लावला नव्हता. दिरांनीही यांच्यावर एनसी (अदखलपात्र तक्रार) केली. आता चार्जशीट कोर्टात गेलंय, पहिलं पान सोबत जोडते. सासूबाईंनी अंथरूण धरलंय. त्या म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत दोघं एक व्हा. चुलत सासरे, तंटामुक्तीचे अध्यक्ष, माझे भाऊ, सगळ्यांचं म्हणणं मिटवा. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. दीर दवाखान्याचा खर्च द्यायला तयार आहेत. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही. एक जण म्हणतो पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या. दुसरा म्हणतो, साक्षीला उभी राहिलीस की 'मला काही आठवत नाही' म्हण. केस मागे घेता येते का?

उत्तर:

ताई, पोलिसांनी तुम्हाला टोलवलं नाही, खरं तेच सांगितलं. जोडलेल्या पानावर सगळ्यात वर काय छापलंय ते बघा: 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे तुमच्या दिरांचं नाव. तुमचं नाव खाली, साक्षीदारांच्या यादीत पहिलं. फिर्याद नोंदली गेली त्या क्षणी खटला सरकारचा झाला. जे तुमचं नाही ते तुम्ही मागे कसं घेणार? म्हणून 'केस मागे घ्यायची' हे शब्द आधी डोक्यातून काढा. केस मिटवता येते. पण ती कुठे आणि कशी मिटते हे सासूबाईंवर किंवा तंटामुक्तीच्या अध्यक्षांवर ठरत नाही, त्या पानावरच्या आकड्यांवर ठरतं.

तुमच्या पानावर भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत: ११८(२), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५). १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ही नवी संहिता लागते. त्याआधीची घटना असेल तर जुनं भारतीय दंड विधानच लागतं, म्हणून इतर वाचकांनी आपल्या कागदावर ३२६, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४ असे आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नये. गोष्ट तीच आहे, आकडे बदललेत.

आता एकेक बघू. ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शिवीगाळ करून भांडणाला उचकवणं, ३५१(२) म्हणजे धमकी. ही तिन्ही आपसात मिटवता येण्याजोगी आहेत. कोर्टात आम्ही त्यांना कंपाउंडेबल म्हणतो. दोन्ही पक्षांनी मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, द्यायची, कोर्ट खात्री करून घेतं आणि आरोपी सुटतो. ही सुटका निर्दोष सुटकेइतकीच पक्की, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम ३५९ मध्ये लिहिलंय. या तीन कलमांपुरतीच केस असती तर मी तुम्हाला एका परिच्छेदात उत्तर दिलं असतं आणि येत्या लोकअदालतीत विषय संपला असता.

पण पहिलाच आकडा आडवा येतो. ११८(२) म्हणजे घातक हत्याराने केलेली गंभीर दुखापत. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त दहा वर्षं किंवा जन्मठेप. हाड मोडलं की दुखापत कायद्याने 'गंभीर' होतेच. अहो, दात तुटला तरी होते. आणि ११८(२) हा आकडा कलम ३५९ मधल्या तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणजे तुम्ही, तुमचे यजमान, दीर, सासूबाई आणि अख्खं गाव एकत्र उभं राहिलं तरी तालुक्याचा मॅजिस्ट्रेट ही तडजोड मान्य करू शकत नाही. लोकअदालतीलाही तो अधिकार नाही. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून 'आमचं मिटलंय तरी साहेब ऐकत नाहीत' म्हणून चिडलेली माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. साहेबांचे हात बांधलेले असतात.

मग रस्ते उरतात दोन.

पहिला तुमच्या दिरांच्या वकिलाने बघायचा. लाकडी दांडा हे 'घातक हत्यार' ठरतं का, हा प्रश्न खुला आहे. कायद्याला अपेक्षित आहे ते गोळी झाडायचं, भोसकायचं किंवा कापायचं हत्यार, नाहीतर असं काहीही ज्याने मारलं तर जीव जाण्याचा संभव आहे. दांडा किती जाड, घाव कुठे बसला, किती वेळा, यावर ते ठरतं. डोक्यात घातलेला दांडा आणि हातावर बसलेला दांडा यांत कोर्ट फरक करू शकतं. कोर्टाला पटलं तर ११८(२) जाऊन ११७(२) येईल, म्हणजे हत्याराशिवायची गंभीर दुखापत. आणि ११७(२) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं! एका आकड्याने इतका फरक पडतो. हे मांडायची वेळ दोषारोप निश्चित होण्याआधीची. आरोपमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सोडा असा, अर्ज करायचा तर चार्जशीटच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत नव्या कायद्याने घातली आहे. दिरांच्या वकिलाला हे माहीत असेलच, पण तारखांवर तारखा पडत असतील तर आठवण करून द्यायला हरकत नाही. पोलिसांनी लावलेलं कलम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

दुसरा रस्ता उच्च न्यायालयाचा. जे मॅजिस्ट्रेटला करता येत नाही ते उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात करू शकतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८, जुन्या कायद्यातलं ४८२. गुन्हा तडजोडीच्या यादीत नसला तरी वाद मुळात दोन माणसांमधला खासगी असेल आणि खरंच मिटला असेल, तर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग खटल्यात स्पष्ट केलं. २०१४ च्या नरिंदर सिंग निकालात पुढची चाळणी सांगितली: घाव शरीराच्या कुठल्या भागावर, हत्यार कसलं, वैद्यकीय अहवाल काय म्हणतो, आणि तडजोड कोणत्या टप्प्यावर झाली. खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यांना हे दार बंद आहे. भावाभावांच्या बांधाच्या भांडणाला बहुधा उघडं असतं. पण 'बहुधा' हा शब्द नीट वाचा, हक्क म्हणून मागता येत नाही.

टप्पा महत्त्वाचा आहे, म्हणून सांगते: साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आत गेलात तर न्यायालय मोकळ्या मनाने बघतं. निम्मे साक्षीदार तपासून झाल्यावर गेलात तर 'आता निकालच लागू दे' म्हणण्याकडे कल असतो. मिटवायचं असेल तर दिवाळी, लग्नसराई, सुगी असं करत ढकलू नका.

तुमच्या जिल्ह्याला आता मुंबई गाठावी लागत नाही, हे एक बरं झालं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. अर्ज करायचा तो दिरांनी, कारण आरोपी ते. तुम्ही आणि तुमचे यजमान त्यात सामनेवाले. तुम्ही दोघांनी वेगवेगळं प्रतिज्ञापत्र द्यायचं: वाद मिटला आहे, कोणाच्या दबावाखाली नाही, खटला रद्द व्हायला हरकत नाही. ओळखपत्र घेऊन समक्ष यावं लागतं. न्यायमूर्ती दोन-चार प्रश्न विचारू शकतात, आणि ते प्रश्न नुसते उपचार म्हणून नसतात. 'तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का?' या प्रश्नावर बाई मागे वळून दिराकडे बघते, हे वरून दिसतं.

पाचशेच्या स्टॅम्पचं काय? लिहून ठेवा हवं तर, घरातल्या घरात काय ठरलं त्याची आठवण म्हणून बरं. पण त्याने ना गुन्हा जातो ना तारीख चुकते. नोटरीचा शिक्का मारून आणला की केस संपली असं समजून दोन्हीकडची माणसं कोर्टात जायची थांबतात, आणि सहा महिन्यांनी आरोपीच्या दारात वॉरंट घेऊन पोलीस उभा राहतो.

'मला काही आठवत नाही' हे सांगणाऱ्या माणसाला मात्र मी घरातून उठवलं असतं. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २२९, कोर्टातली खोटी साक्ष असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. फितूर झालेल्या प्रत्येक साक्षीदारावर खटला होतो असं मी म्हणणार नाही, होत नाही. पण तुमच्या केसमध्ये तुमच्या सहीची फिर्याद आहे, हाडाचा एक्स-रे आहे, प्लेट अजून हातात आहे. सरकारी वकील तुम्हाला फितूर जाहीर करून तासभर उलटतपासणी घेतील आणि शेवटी डॉक्टरांच्या साक्षीवर शिक्षा व्हायची ती होऊ शकेल. खोटं बोलल्याचा डाग तुम्हाला आणि शिक्षा दिरांना! हेच 'पोलिसांना सांगून खोटी केस म्हणून बंद करून घ्या' या सल्ल्याचंही. आपल्याकडे त्याला बी समरी म्हणतात. ती मागणं म्हणजे आपण खोटी फिर्याद दिली हे स्वतःच कबूल करणं. तुमची फिर्याद खोटी नाही. हात मोडला आहे. जे घडलं ते घडलं असं म्हणूनच हे मिटवता येतं, त्यासाठी एक शब्द खोटा बोलायची गरज नाही.

आता पुतण्या. इथे तुम्ही मला जे एका वाक्यात लिहिलंत ते बहुतेक माणसं वकिलालाही सांगत नाहीत, म्हणून आधी तुमचं कौतुक. तो नुसता उभा होता. ३(५) हे कलम 'समान इराद्या'चं आहे. नुसतं उभं राहणं म्हणजे इरादा नव्हे. हे चार्जशीटआधी तपासी अंमलदाराला पुरवणी जबाबात सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आता उच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात किंवा साक्षीत त्याची भूमिका जशी होती तशी सांगता येईल. पण ते वाक्य कागदावर कसं उतरवायचं हे तुमच्या स्वतःच्या वकिलाला विचारून ठरवा. गोंधळात चुकून नाव देणं आणि माहीत असून खोटं नाव देणं यांत कायदा मोठा फरक करतो. दिरांचा वकील लिहून देईल त्या मजकुरावर सही करू नका. तो माणूस वाईट म्हणून नव्हे, तो त्यांचा वकील आहे म्हणून.

तुम्हाला वकिलाचे पैसे परवडत नसतील तर तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. १५१०० हा त्यांचा फोन.

पुतण्याच्या भरतीबद्दल मात्र घरात जी घाई चालली आहे तिला थोडा लगाम घाला. तडजोड झाली म्हणजे भरतीचा रस्ता मोकळा, असं नाही. दिल्ली पोलीस भरतीतल्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तडजोडीमुळे सुटलेल्या उमेदवाराला नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही. खातं त्याच्या प्रकरणाकडे बघून ठरवू शकतं. त्याहून महत्त्वाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल. फॉर्मवर विचारलं असेल तर गुन्ह्याची माहिती लपवायची नाही, केस मिटलेली असली तरी नाही. पोरं केसमुळे जेवढी अडकतात तेवढीच 'नाही' या रकान्यातल्या टिकमुळे अडकतात. त्याच्या बाबतीत 'याने काही केलं नव्हतं' हे कोर्टाच्या कागदावर येणं नुसत्या तडजोडीपेक्षा जास्त कामाचं आहे.

दवाखान्याचा खर्च घ्या, जरूर घ्या, हक्काचा आहे. पण उघड घ्या. तडजोडयोग्य नसलेल्या गुन्ह्यात आरोपीवर कारवाई होऊ नये म्हणून पैसे घेणं हाच एक गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २५०. हे ऐकून बरेच जण दचकतात. म्हणून पाकिटातून नको, बँकेतून घ्या. बिलांच्या रकमेएवढे घ्या आणि अर्जात, प्रतिज्ञापत्रात लिहा की उपचाराचा अमुक खर्च मिळाला. न्यायालयाला उघड भरपाई आवडते.

दिरांनी केलेली एनसी विसरू नका. ती अदखलपात्र आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करणार नाहीत, म्हणून ती निपचित पडली आहे इतकंच. मिटवताना दोन्ही बाजूंचं एकाच बैठकीत मिटवा आणि कागदावर दोन्ही नंबर घाला. एका बाजूचं रद्द आणि दुसऱ्या बाजूचं शिल्लक, अशी तडजोड पुढच्या भांडणात बाहेर येते. आणि ताई, बांध? सगळं पत्र वाचलं, बांधाचं काय ठरलं ते कुठे सापडलं नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, दोघांच्या सहीने, दोघांच्या खर्चाने. खुणा रोवल्या गेल्या नाहीत तर पुढच्या पेरणीला पुन्हा तेच.

सरकार स्वतः खटला मागे घेऊ शकतं, हेही कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०, सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने करायचं. आंदोलनांचे गुन्हे मागे घेतल्याच्या बातम्या येतात ते हेच. घरगुती मारामारीसाठी त्याच्या मागे लागून चपला झिजवू नका.

शेवटी जे मला तुमच्या पत्रात सगळ्यात आधी दिसलं ते. तुम्ही सासूबाईंचं म्हणणं लिहिलंत, चुलत सासऱ्यांचं, अध्यक्षांचं, भावांचं, दोन फुकट सल्लागारांचं. ज्यांचा हात मोडला त्यांचं एक अक्षर नाही. आणि कायद्यात नेमकं त्यांचंच चालतं. फिर्याद तुम्ही दिलीत, पण दुखापतीच्या कलमात तडजोड करायचा अधिकार फिर्यादीचा नसतो, ज्याला लागलं त्याचा असतो. तुमची सही चालेल ती फार तर शिवीगाळ आणि धमकी तुम्हालाही झाली असेल तेवढ्यापुरती. ११५(२) ला तुमच्या यजमानांचीच सही लागते. ११७(२) वर आलं तर तिथेही त्यांचीच. उच्च न्यायालयातही पहिला प्रश्न त्यांनाच येणार.

कदाचित ते तयार असतील आणि तुम्ही लिहायचं राहून गेलं असेल. कदाचित त्यांना दिरांनी येऊन 'चुकलं' एवढं म्हणायला हवं असेल, खर्चाचे पैसे नको असतील. कदाचित त्यांना खटला चालायला हवा असेल, आणि आईच्या अंथरुणाकडे बघून ते गप्प असतील. तसं असेल तर त्यांनी 'नाही' म्हणायला कायद्याची काहीच आडकाठी नाही, आणि त्याने तुम्ही घर मोडणाऱ्या ठरत नाही. दांडा तुम्ही उचलला नव्हता.

तेव्हा वकिलाकडे जायच्या आधी एक करा. आज रात्री सासूबाई झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून, यजमानांना विचारा. 'सगळे म्हणतात मिटवा' असं सुरू करू नका. 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच विचारा आणि ते बोलेपर्यंत थांबा. ते 'हो' म्हणाले तर चार्जशीटची पूर्ण नक्कल, दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि एनसीची प्रत घेऊन, दोघं मिळून वकिलाकडे जा. 'नाही' म्हणाले तर मला पुन्हा लिहा. ते उत्तर वेगळं असेल.